दारावरची चार भोकं

सकाळी साडेअकराला धुळ्याकडच्या एका शाळेची बस विद्यापीठाच्या फाटकातून आत आली, तेव्हा नवल दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराकडे पाहत होता. दारावर चार भोकं होती. आतले प्राध्यापक निवृत्त झाले, नावाची पाटी काढून घरी घेऊन गेले. मागे स्क्रूची भोकं राहिली, आणि त्यांच्यामधला चौकोन, भोवतालच्या लाकडाहून फिका...

"नवल, आज तुमचा तास नाही ना?" विभागप्रमुखांनी विचारलं. "मग त्या मुलांना जरा फिरवून आणा."

तास नाही म्हणजे तो इथे नाहीच, एका परीने. तासिका तत्त्वावरच्या माणसाला दर जूनला नवा आदेश मिळतो. तो येईपर्यंत आपण कोण, हे त्यालाही सांगता येत नाही. बसायला झेरॉक्स मशीनशेजारची खुर्ची, तीही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले की त्यांची.

मुलं दहावीची. प्रयोगशाळा झाली, टेकडीवरून गिरणेचं पात्र झालं. ग्रंथालयात 'शांतता राखा' वाचून कुणीतरी कुजबुजलं, "झुलाल, तुनाकरता पाटी लायेल शे रे." सगळे हसले. नवलही हसला — कानावर अहिराणी पडून किती दिवस झाले होते! इथे तो छापील बोलत असे, आणि खोलीवर बोलायला कुणी नव्हतं.

"नवलभाऊ, वळखं का?" दोन वेण्यांची एक मुलगी पुढे झाली. पुनम. त्याच्या गल्लीतली, समोरच्या घरातली. "तुमनी खोली दखाडा ना. ताईबाई अक्का बठ्ठी गल्लीले सांगतस, मना नवलनं नाव दारवर लिखेल शे."

अक्का म्हणजे त्याची आई; सगळ्या गल्लीला ती सांगते ते त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. आई दर रविवारी फोन करते. जेवलास का, खोकला कसा आहे — नोकरीचं कधी विचारत नाही. तिला यातलं कळत नाही, असं तो धरून चालला होता, आणि त्यात त्याला बरंही वाटत होतं... कळत नव्हतं, तर मग पाटी कुठून आली? गल्लीतल्या बायका विचारत असतील, आणि ती एकटी ओट्यावर बसून दर वेळी त्याच्यासाठी एक दार, दारावर एक नाव उभं करत असेल — आणि त्याला वाटत होतं, आईपासून आपणच लपवतोय.

तो मुलांना दुसऱ्या मजल्यावर, त्या बंद दारापाशी घेऊन गेला.

"ही," तो म्हणाला. "पाटी रंगवायला दिली आहे."

"उघाडा ना, भाऊ!" झुलाल म्हणाला.

"आत परीक्षेचे पेपर आहेत. गोपनीय असतात."

"मागे सरका रे," त्यांच्याबरोबर आलेले अभिमन सर म्हणाले आणि स्वतःही अदबीने दारापासून दोन पावलं मागे झाले. ते नवलला पाहवलं नाही.

पुनमने मोबाइल काढला. "उभा ऱ्हा, भाऊ. अक्काले दखाडसू." तो भोकं झाकतील असा उभा राहिला, पण त्याची उंची कमी पडली.

बस गेली. संध्याकाळी विभागात कुणी उरलं नाही, तरी तो खुर्चीवर बसून होता. आई ते दार पाहील. पाटी नाही, हे तिला दिसेल; शेजारच्या बायकांना दिसायच्या आधी दिसेल. मग ती काय म्हणेल? आज रविवार नव्हता, तरी त्याने मोबाइल उलटा ठेवला, सुलटा ठेवला.

दिवे लागल्यावर अनोळखी नंबरावरून संदेश आला. 'भाऊ, मी पुनम. फोटो अक्कांना दाखवला. बायकाही होत्या. अक्का म्हणाल्या, पाटी रंगवायला गेली असेल. हा नंबर बाबांचा आहे. माझा मोबाइल अक्कांनी अजून परत दिला नाही.'

रंगवायला... हे त्याने सांगितलंय, असं पुनमने तिला आधी सांगितलं असेल, की आईला ते आपणहून सुचलं? विचारायला त्याने बोटं टेकवली, आणि उचलली. आई आणि तो एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे आहेत असं काहीसं वाटलं त्याला, मधे लाकूड.

'राहू दे तिच्याकडे,' त्याने लिहिलं. रात्री खोलीवर पोचला तेव्हा ते वाचलं गेलं होतं. आईचा फोन आलेला नव्हता.