घोरपडीचं ऊन

चंदाबाईनं एकदा पदर खोचला की तिच्या वाटेला कोणी जात नसे, नवराही नाही. पण त्या दिवशी मनसाराम तलावावरून मोठ्या खुशीत परतला होता आणि खुशीत माणसाला भान राहत नाही. त्याच्या बांबूच्या सापळ्यात मासोळ्यांऐवजी घोरपड अडकली होती. चांगली दोन हात लांब, पाणी पिऊन अर्धमेली झालेली.

"माय, तुह्या टोंगळ्याचं औषध आलं!" तो अंगणातूनच ओरडला.

त्याची आई सोनीबाई गुडघ्यांनी बेजार होती. थंडी पडली की उठता-बसता तिला देव आठवे. घोरपडीचं तेल चोळलं की गुडघ्यांचं दुखणं पळतं, हे चांद्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पळालेलं कोणी पाहिलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

"कापाची नाई," चंदाबाई म्हणाली. "मले जित्ती पायजे."

तिचं कारण सरळ होतं. जाळ्यांच्या खोलीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. सुती जाळी, वर मासळीचा वास. उंदीर रात्रभर कुरतडत आणि चंदाबाई दुपारभर गाठी मारत बसे. मांजर पाळून झालं होतं. ते मासोळ्या खाऊन लठ्ठ झालं आणि उंदरांशी त्यानं सोयरीक केली. घोरपड मात्र बिळात शिरून उंदीर ओढते, हे चंदाबाईनं धानाच्या बांधीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आन माह्ये टोंगळे?" सोनीबाईनं विचारलं.

मनसाराम दोघींच्या मधे सापडला. शेवटी त्यानं निवाडा केला, "संक्रांतीपर्यंत आपल्या तोंडानं खाल्लं तं चंदाची. नाई तं मायचं तेल."

मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी जीव जगवायचा म्हणजे तो ओला ठेवायचा. मरळ असो, मागूर असो, बाजाराच्या दिवसापर्यंत जिवंत राहावी म्हणून ओल्या मातीत, ओल्या पोत्याखाली, सावलीत ठेवतात. चंदाबाई हे आईच्या दुधाबरोबर शिकली होती. तिनं घरामागच्या सावलीत खड्डा खणला, चिखल केला, घोरपड आत ठेवली, वर भिजलेलं पोतं टाकलं आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका द्यायला लागली. समोर मासोळ्या टाकल्या, कोंबडीचं अंडं फोडून ठेवलं. घोरपड ढिम्म. डोळेसुद्धा धड उघडेना. चंदाबाईला वाटलं, पाणी कमी पडतंय. तिनं शिपके वाढवले.

बायका येऊन पाहून जात आणि तोंडाला पदर लावून हसत. चंदाबाई त्यांच्यासमोरच पोतं भिजवत राही. पण आतून ती घाबरली होती. उंदरांचं काम आता मागे पडलं होतं. आपण हट्टानं एक जीव ठेवून घेतला आणि तो आपल्याच हातात थंड होत चाललाय, हे तिला सहन होत नव्हतं.

संक्रांत तोंडावर आली. एका सकाळी ती पुन्हा घागर घेऊन निघाली, तेव्हा कुडाच्या कोपऱ्यावर उन्हात बसलेली सोनीबाई कडाडली, "टाकू नको ते पानी! काऊन छळून राह्यली तिले?"

"सुकून मरन ना, बाई!"

"मासोळी हाये काय ते? पाह्य तिच्याकडं. पोत्यातून उन्हाच्या पट्ट्याकडं मान करून पडली हाये केव्हाची. सरकता येत नाई बिचारीले. माह्ये टोंगळे ज्यानं ताठतेत, त्यानंच तिचं आंग ताठलं."

बोलून गेल्यावर सोनीबाईनं जीभ चावली. आपलं तेल आपणच सांडलं, हे तिला उशिरा कळलं. पण चंदाबाईनं घागर तिथंच ठेवली होती आणि पदर खोचला होता.

दिवस मावळायच्या आत तिनं जुना खड्डा बुजवला. अंगणात जिथं दिवसभर ऊन राहतं, तिथं नवी जागा आखली. ती नेमकी सोनीबाईच्या बसण्याची जागा होती; म्हातारी कुरकुरली, पण हातभर सरकली. चंदाबाईनं नदीची कोरडी रेती डोक्यावरून वाहून आणली. घोरपड उकरते म्हणून भोवती बांबूचे तट्टे ढोपरभर खोल गाडले. मधे काळे सपाट दगड मांडले, तापायला. दगडांखाली कोरडं बीळ, त्यात धानाचं तणीस, रात्रीसाठी. एका बाजूला पाण्याचं पसरट मडकं, हवं तेव्हा तिनं स्वतः जावं म्हणून. वर जुनं जाळं ताणलं, कुत्र्यासाठी. हात सोलून निघाले. मनसाराम म्हणाला, "एवढं तं माह्यासाठी केलं नाई कधी." ती म्हणाली, "तुमी चालते-फिरते आहा."

पहिल्या दिवशी घोरपड दगडावर नुसती पसरून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मान उचलली.

संक्रांतीच्या सकाळी मनसारामनं विळा पाजवला. शब्द म्हणजे शब्द. चंदाबाईनं जाळ्यांच्या खोलीत पकडलेला उंदीर शेपटीनं धरून दगडाजवळ टाकला आणि तट्ट्याबाहेर बसून राहिली. ऊन चढलं. दगड तापला. घोरपडीची दुभंगलेली जीभ बाहेर आली, आत गेली. पुन्हा आली. आणि मग एकाच झडपेत उंदीर तिच्या जबड्यात होता.

चंदाबाई रडली. चांगली हुंदके देऊन रडली. सोनीबाईनंही डोळे पुसले, औषध गेल्याचे की कशाचे, ते तिलाच माहीत.

"झालं ना तुह्या मनासारखं?" मनसाराम विळा ठेवत म्हणाला. "आता सोड तिले जाळ्याच्या खोलीत."

चंदाबाईनं खोलीचं दार ढकललं. रोज दहादा ती तिथं येत होती, पण जाळी टांगायला किंवा काढायला. आज ती घोरपडीसाठी खोली पाहत होती. खिडकी नाही. रात्रीची जाळी वळणीवर अजून ठिबकत होती. खालची भुई पायाला गार लागली, ओल पार भिंतीवर चढलेली.

"नाई," ती दारातूनच म्हणाली. "अशा ओलीत ते जगनार नाई."

"मी जगली ना वं," मागून सोनीबाई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो शब्द जास्तच लागला. कोपऱ्यात, ठिबकणाऱ्या जाळ्यांखाली, सोनीबाईची वाकळ अंथरलेली होती. चंदाबाई या घरात सून म्हणून आली, चुलीजवळची जागा नव्या जोडप्याला मिळाली आणि म्हातारीचं अंथरूण इथं आलं. तेव्हापासून ते इथंच होतं. जाळ्यांना ऊन दाखवायला चंदाबाई एक दिवस चुकली नव्हती.

तिनं वाकळ उचलली. ती ओलीनं जड झाली होती. अंगणात नेऊन तिनं ती कुडावर उन्हात टाकली. मग घरात जाऊन तिनं चुलीजवळचं स्वतःचं अंथरूण गुंडाळलं आणि त्या जागी नवं, कोरडं तणीस जाड अंथरायला घेतलं.

"आपुन कुठी निजाचं मंग?" मनसारामनं दबकत विचारलं.

"जाळ्याखाली," चंदाबाई म्हणाली.