टाचणी असेलही

"मॅडम, वेड्या माणसाला आपण वेडे आहोत हे कळतं का?"

हा प्रश्न माझा नव्हता. लांबी आणि गोळी या माझ्या दोन मैत्रिणींनी तो मागच्या बाकावर शिजवला आणि 'विचारून दाखव, मग तुला मानू' म्हणत माझ्या गळ्यात मारला. मला वर्गात भोंगा म्हणतात. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. मग एकदा आजारी मुलीच्या बदली मला भाषणाला उभं केलं, आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की शिपाईकाका काय झालं ते बघायला आले. तेव्हापासून कुणी न विचारण्यासारखं काही विचारायचं असलं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

समुपदेशक मॅडम परीक्षेच्या ताणावर बोलायला आल्या होत्या. सभागृहात खसखस पिकली. त्यांनी हसू थांबेपर्यंत वाट पाहिली.

"वेडा हा शब्द मी वापरत नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रश्न चांगला आहे. एक आजार असा आहे की त्यात माणसाला अगदी पक्कं कळत असतं. दार लावलंय हे माहीत असतं, तरी परत जाऊन ओढून बघावं लागतं. पुन्हा पुन्हा. आपण करतोय ते जास्तीचं आहे हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि तरी थांबता येत नाही. म्हणून तो लपवतो. घरच्यांना कामाला लावतो. घरचेही लागतात, कारण त्यांचं प्रेम असतं."

गोळीने मला कोपर मारलं. "बस ना आता खाली."

मी उभीच होते. कारण मॅडम दाराबद्दल बोलत होत्या आणि मला टाचणी दिसत होती.

माझी आई कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान आहे: दोन मशीन, कापायचं मोठं टेबल, इस्त्री आणि तयार कपडे टांगायची लांब दांडी. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईक बाईंना जाकिटाच्या बाहीत टाचणी सापडली. त्यांना ती टोचलीही नव्हती. त्या हसत परत द्यायला आल्या होत्या. सगळे हसले, आई हसली नाही.

त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली. कपडा तयार झाला की आई सगळ्या शिवणींवरून हात फिरवणार, मग बाबा त्यावरून चुंबक फिरवणार, मग मी तो उलटा करून झटकणार आणि मोठ्याने म्हणणार, "साफ." बाबा पंखे, मिक्सर आणि जुने स्पीकर दुरुस्त करतात, चुंबक त्यातलंच होतं. मी "साफ" म्हटलं की आईचे खांदे खाली यायचे. मग थोड्या वेळाने, "तू नीट बघितलंस ना गं? काखेत बघितलंस?" की सगळं पहिल्यापासून. मला वाटायचं, टाचण्यांशी काम करणाऱ्या सगळ्यांकडे असंच असतं. आमच्या घरात स्वच्छ काम होतं, याचा मला अभिमान होता.

अलीकडे मात्र कपडे दांडीवरच राहायला लागले होते. गिऱ्हाइकं आली की आई म्हणायची, "काजं व्हायचीत अजून." काजं कधीच झालेली असायची. आणि मॅडम शाळेत आल्या त्याच आठवड्यात तिने बाबांना सांगितलं होतं, नाचाच्या वर्गाच्या बाईंचे छोट्या मुलींचे फ्रॉक तेवढे देते आणि दुकान बंद करते. लहान मुलांना टोचलं तर, ही धास्ती तिला यापुढे झेपणार नाही. बाबा हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून बसले होते. ज्या बाईला कापड नुसतं हातात घेऊन ते कसं पडेल ते सांगता येतं, तिने दुकान बंद करायचं.

भाषण संपल्यावर मी मॅडमना गाठलं आणि 'एक बाई आहेत' म्हणून सगळं सांगितलं, पण त्यांनी ओळखलंच. त्यांनी एका डॉक्टरांचं नाव दिलं आणि म्हणाल्या, "आईला ओढून नेऊ नकोस. विचार."

मी विचारलं. कसं, तर भोंग्यासारखं, जेवताना, सगळ्यांसमोर. सगळे म्हणजे आई आणि बाबा.

"म्हणजे शाळेत जाऊन माझी वरात काढलीस," आई म्हणाली.

"नाव नाही घेतलं कुणाचं. मी फक्त म्हटलं, एक बाई आहेत."

"मला वेड लागलंय असं म्हणायचंय तुला?"

"मॅडम म्हणाल्या तो शब्द वापरायचा नाही. आणि आई, तुला माहीत असतं ना टाचणी नाहीये ते?"

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "माहीत असतं," ती म्हणाली. "तेच तर." आणि रडायला लागली. मी तिला त्याआधी फक्त कांदा चिरताना रडताना पाहिलं होतं. बाबा म्हणाले, "चल, जाऊन तर येऊ. फार तर काय, नाही जमलं तर परत येऊ."

डॉक्टर आईपेक्षा लहान होत्या आणि त्यांच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं. आईची नजर सारखी तिकडेच. डॉक्टरांनी आधी तिला पुष्कळ बोलू दिलं. मग सांगितलं की मेंदूत धोक्याची घंटा असते, ती सगळ्यांचीच वाजते, पण आईची एकदा वाजली की बंद होत नाही. तपासलं की घटकाभर गप्प बसते, पण तेवढ्यात शिकते की तपासलं म्हणूनच संकट टळलं. म्हणून पुढच्या वेळी आणखी जोरात वाजते.

"तुम्ही शिवण ज्यांच्याकडे शिकलात, त्या किती तपासायच्या?" त्यांनी विचारलं.

"एकदा. हात फिरवून."

"मग आपणही तिथपर्यंतच जायचं. काळजी घेणं सोडायचं नाही. एकदा हात, आणि कपडा दांडीवर. नंतर घंटा वाजेल. वाजू द्यायची. न तपासता बसून राहायचं, ती दमून आपोआप उतरेपर्यंत."

"आणि नाही उतरली तर?"

"उतरते. पण माझ्या सांगण्यावर नका जाऊ, बसून बघा."

त्यांनी एक गोळीही सुरू केली, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात म्हणाल्या. (ही गोष्ट गोळीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "माझा गुण शाळेला अजून आला नाही.") मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. 'साफ' म्हणायचं नाहीस."

"मग काय म्हणू?"

"खरं काय आहे ते. आई विचारेल, टाचणी असेल का. तू म्हणायचंस, असेलही."

किती सोपं वाटलं होतं. मी स्टेजवर बोलणारी मुलगी, मला दोन शब्द जड जाणार होते होय? पण आपली आई दारात उभी राहून "सांग ना गं, एवढं एकदा" म्हणते तेव्हा "असेलही" म्हणणं म्हणजे तहानलेल्या माणसासमोर पाणी जमिनीवर ओतून टाकण्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सुरुवात हातपुसण्यांपासून झाली. मग उशीचे अभ्रे, मग ॲप्रन, मग मोठ्या माणसांचे शर्ट. लहान मुलांचे कपडे सगळ्यात शेवटी. आई इरसाल निघाली. सरळ विचारायचं बंद केलं आणि आडून यायला लागली.

"मी विचारत नाहीये हं. पण तो निळा शर्ट छान झाला ना?"

"असेलही."

"अगं, छान झाला का विचारतेय."

"छानही असेल."

"जीभ बघा कशी झालीये हिची," आई बाबांना म्हणाली, आणि ते हसले, आणि तीही हसली. पुष्कळ दिवसांनी.

आणि मग ती बरी व्हायलाच लागली. अगदी झपाट्याने. एकदा हात फिरवायची, कपडा दांडीवर, घटकाभर अस्वस्थ, की पुढचं काम सुरू. दांडी रिकामी होऊ लागली. मी लांबीला सांगून टाकलं की मोठी झाल्यावर मी डॉक्टर होणार, मला यातलं सगळं कळतं.

तेवढ्यात एक दिवस शाळा लवकर सुटली. आई बटणं आणायला गेली होती. दुकानात बाबा दांडीपाशी उभे होते, हातात चुंबक. एक शर्ट घेतला, चुंबक फिरवलं, परत टांगला. टांगताना हँगरचा आकडा उलटा फिरवून दाराकडे तोंड करून अडकवला. मग पुढचा. दांडीवरचे झालेले सगळे आकडे दाराकडे, राहिलेले भिंतीकडे.

"बाबा, काय करताय?"

त्यांनी चुंबक पाठीमागे लपवलं. माझे बाबा, डोक्यावर केस कमी झालेला माणूस, आणि चोरून साखर खाताना सापडल्यासारखा चेहरा.

"तिला नाही माहीत," ते म्हणाले. "मी फक्त माझ्या खात्रीसाठी. एखादी खरंच राहिली तर ती मोडून पडेल गं."

"मग आकडे कशाला फिरवता?"

"कुठले झाले ते कळावं म्हणून. मला."

आई दारात आली होती. बटणांची पुडी तिने टेबलावर ठेवली आणि दांडीकडे बघितलं. तिचं बघणं मी पाहिलं आणि मला कळलं. ती शर्ट बघतच नव्हती, ती आकडे बघत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"मी त्यांना सांगितलं नव्हतं असं करायला," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली. "माहीत होतं. आकडा दाराकडे दिसला की बरं वाटायचं."

म्हणजे एवढे दिवस माझं 'असेलही' म्हणणं वाया, आणि बाबांचा हँगर 'साफ' म्हणत होता. एकाने बोलायचं नाही, दुसऱ्याने ऐकायचं नाही, आणि निरोप मात्र रोज पोचत होता. मला इतका राग आला की मी दोघांनाही बसवून ठेवलं आणि स्वतः डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं होतं, विशेषतः चांगल्या घरांत. "बाबांना सांग, त्यांचीही घंटा वाजतेय. त्यांनीही बसून राहायचं." बाबांनी त्याच दिवशी चुंबक एका जुन्या स्पीकरमध्ये परत बसवलं आणि तो स्पीकर विकून टाकला.

मग पुन्हा हातपुसण्यांपासून. या वेळी ते झपाट्याने झालं नाही. आई पहिल्या अभ्र्यानंतर घामाने भिजली. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा, दोघंही मख्ख. घंटा चढली, चढून राहिली, आणि मग खरंच, कुणी काही न करता, ओसरली. आईने आमच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी तिच्या पाठीवरून पोतं उतरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली. पण थोडी कमी.

फ्रॉकची तारीख आली तेव्हा आई शर्टांपर्यंतच पोचली होती. पिवळे फ्रॉक, कमरेला चुण्या, खाली दुहेरी झालर. झालर बसवायची म्हणजे टाचण्याच टाचण्या. नाचाच्या बाई काल संध्याकाळी आल्या, आणि आईने प्रत्येकावरून एकदा हात फिरवून अर्धे फ्रॉक त्यांच्या पिशवीत घातले. पिशवी दाराबाहेर गेली तेव्हा तिचा चेहरा कापडासारखा पांढरा होता. "उरलेले उद्या," ती म्हणाली. उरलेलेही तयारच होते. बाईंनी ते टांगलेले पाहिले होते.

आज सकाळी मी दप्तर भरत होते तेव्हा आई फोन हातात घेऊन उभी होती.

"नुसतं विचारते," ती म्हणाली. "मुलींनी घालून बघितले असतील. सगळं ठीक आहे एवढं कळलं की उरलेले देऊन टाकते."

बाबा म्हणाले, "एक फोनच तर आहे." मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही का?"

"आणि ठीक नाही म्हणाल्या तर?" मी विचारलं.

"तर उरलेले ठेवून घेते. आणि मग बंदच करते सगळं."

"आणि ठीक आहे म्हणाल्या, तर उद्याच्या कपड्यासाठी उद्या फोन करशील."

आईचा अंगठा फोनवर तसाच होता. ती एवढीशी दिसत होती, आणि मला एकच शब्द माहीत होता ज्याने ती लगेच मोठी झाली असती.

तो मी गिळला. दांडीपाशी गेले, उरलेले पिवळे फ्रॉक काढले, घड्या घातल्या आणि मोठ्या पिशवीत भरले.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "शाळेत जाताना हे मी नाचाच्या बाईंकडे देऊन जाते. कुणाला टोचलं का, मी विचारणार नाही. त्यांनी आपणहून काही सांगितलं, तर तेही घरी सांगणार नाही. खरंच काही झालं असेल तर त्यांना फोन करता येतो, त्यांच्याकडे आपला नंबर आहे. आई, संध्याकाळी तू माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखायला जाशील, तर मी पाठ करून जेवीन. आणि बाबा, तुम्हीही मला बाजूला घेऊन विचारायचं नाही. आजपासून या घरात 'साफ' म्हणणारं कुणी नाही, आणि दुकान चालू राहणार आहे."