काचेच्या कपाटातला पेचकस

मित्रांनो, आता माझं वय झालं. मूठ गुळगुळीत झाली, टोक थोडं बोथट झालं. मी वीजवाल्याचा पेचकस, तुम्ही ज्याला स्क्रूड्रायव्हर म्हणता तोच. माझी गोष्ट मी कुणाला आपणहून सांगत नाही. कारण ऐन उमेदीची वर्षं मी एका काचेच्या कपाटात, सोनेरी कडांचे कॉफीचे कप आणि चिनीमातीचा हंस यांच्या मधोमध काढली. विजेचं काम करणाऱ्याने हंसाशेजारी बसून राहायचं, यापेक्षा लाजिरवाणं काय असतं ते मला अजून सापडलेलं नाही.

तसा माझा जन्म चांगल्या घरातला. माझ्या पोलादी अंगावर लाल आवरण ओतून बसवलं. वरून चढवलं नाही, ओतलं. मग पाण्याच्या टाकीत उभं करून दहा हजार व्होल्टची वीज सोडली. माझ्या रांगेतले दोघं तिथंच तडतडले आणि टोपलीत गेले. मी गप्प राहिलो. गप्प राहणं हीच आमची परीक्षा असते.

मला निवडलं हिल्मीने, कुवेतमध्ये. हिल्मी कैरोचा, पोटासाठी तिकडे गेलेला. त्याला बहिणीच्या नवऱ्यासाठी भेट न्यायची होती. दुकानदाराने आम्हा तिघांना काउंटरवर मांडलं. हिल्मीने प्रत्येकाच्या आवरणाखाली नख घालून पाहिलं, अंगावर छापलेल्या व्होल्टच्या आकड्यावर ओला अंगठा घासला, ओल्या हाताने मूठ पिळून पाहिली. एकाचा आकडा अंगठ्यावर उतरला. दुसऱ्याचं आवरण पायमोज्यासारखं खाली सरकलं. मी तसाच राहिलो. हिल्मी म्हणाला, "हा घरी नेतो. आमच्या मेव्हण्याला जिवंत तारांशी मस्ती करायची खोड आहे."

तो मेव्हणा म्हणजे उस्ता शहाता; उस्ता म्हणजे तिकडे कसबी कारागीर. कैरोच्या शुब्रा वस्तीतला वीजमिस्त्री. मला हातात घेतलं तेव्हा त्याचे डोळे असे काही चमकले की मला वाटलं, आता आयुष्याचं सोनं झालं. उस्ताने मला पिशवीत टाकायला हात पुढे केला आणि त्याच्या बायकोने, इन्शिराहने, मला वरच्यावर उचललं.

"पिशवीत? कुवेतची वस्तू? माझ्या भावाने काय तुमच्या त्या मळक्या पिशवीसाठी आणली?"

"अगं, पेचकस आहे तो. पिशवीतच असतो."

"अतब्याच्या फुटपाथवरचे असतात पिशवीत. हा कपाटात शोभेल."

मित्रांनो, त्या घरात काचेचं कपाट म्हणजे घराची अब्रू. त्यातल्या कपात कुणी कॉफी पीत नाही, त्यातल्या ताटात कुणी जेवत नाही. चांगली वस्तू वापरली की ती संपली, आणि वस्तू संपली की घरात काही होतं हे सांगायचं कसं? म्हणून जे चांगलं ते काचेआड, आणि वापरायला फुटकं. मला मखमलीच्या तुकड्यावर आडवं केलं, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली इन्शिराहच्या गळ्यात.

उस्ता रोज सकाळी अतब्याच्या बाजारातला पेचकस घेऊन कामाला जाई. त्याच्यावर 'हजार व्होल्ट' असं छापलेलं होतं. छापायला काय, काकडीवरही छापता येतं. आवरण सैल पडलं म्हणून उस्ताने पाण्याच्या पाइपचा तुकडा त्याच्या गळ्यात चढवला होता, त्यावर काळी टेप. संध्याकाळी तो परत आला की टीव्हीवर पडे, बरोबर माझ्यासमोर. कधी टोक काळवंडलेलं, कधी टेप वितळलेली. पण दिवसभर राबून आलेला. मी मखमलीवर लोळत असे. त्याच्याकडे पाहायची मला हिंमत होत नसे.

आणि वरून माझं कौतुक. समोरच्या बिऱ्हाडातली झकीची आई आली की कपाटाला नाक लावून उभी राहायची.

"हे लाल काय गं, इन्शिराह? खेकडे फोडायचं का? कुवेतचे शेख लोक असल्यानेच खेकडे फोडतात म्हणे."

"खेकडे फोडायचं नाही, विजेचं आहे."

"विजेचे खेकडे?"

इन्शिराहने पुढं समजावणं सोडून दिलं. महिनाभर साऱ्या जिन्यात बोललं जात होतं की शहाताच्या घरी खेकडे खातात. आणि मी, दहा हजार व्होल्ट पचवलेला, ते ऐकत पडून होतो.

मग आला रमजान. उस्ताच्या मुलीचं, शाहिनाझचं, लग्न ठरत आलं होतं आणि नवऱ्याकडची माणसं रोजा सोडायला येणार होती. सकाळपासून कपाट पुसणं चाललेलं. इन्शिराहने मलाही पुसलं, हंसापासून बोटभर दूर सरकवलं, मग परत जवळ केलं.

सूर्य बुडायच्या सुमाराला जिन्यातले दिवे मिचमिचायला लागले. इमारतीचा मुख्य बोर्ड आमच्या दाराच्या अगदी समोर. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. बोर्डातून चर्र चर्र आवाज यायला लागला. उस्ता झाकण उघडून बघून आला.

"जोडाचा स्क्रू सैल पडलाय. आवळला नाही तर बोर्ड पेट घेईल. मी मेन बंद करतो."

"बंद करू नका," इन्शिराह ओरडली. "व्याही लिफ्टमध्ये चढलेत. शाहिनाझने त्यांना खिडकीतून इमारतीत शिरताना पाहिलं."

"मग जिवंत बोर्डावर काम करू? बरं, कपाट उघड. तो लाल पेचकस दे."

इन्शिराहचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच थांबला. "शाहिनाझचे बाबा, कपाटाच्या मधोमध भोक दिसेल हो. मी व्याहीणबाईंना फोनवर सांगून बसलेय की कुवेतची वस्तू आहे म्हणून. दोन मिनिटांचं काम. रोज कशाने करता?"

समोरच्या दारातून झकीची आई ओरडत होती, "उस्ता, माझ्या फ्रिजमधलं चिंचेचं सरबत गरम होतंय." वरच्या मजल्यावरून कुणी टीव्हीच्या नावाने बोंबलत होतं. उस्ताने माझ्याकडे एकदा काचेतून पाहिलं. मग टीव्हीवरचा अतबावाला उचलला आणि गेला.

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. असते तर काच फोडून उडी मारली असती. मी नुसता बघत होतो. अतबावाल्याचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलं. उस्ताने जोर लावला. पाइपचा तुकडा वर सरकला. उघडं पोलाद शेजारच्या जिवंत तांब्याच्या पट्टीला टेकलं.

मग नुसता पांढरा उजेड. आणि धाड.

अंधार पडला तेव्हा उस्ता जिन्यात बसलेला होता, पाठ झकीच्या आईच्या दारावर, उजवा हात छातीशी. बोटांची कातडी पांढरी पडली होती. अतबावाल्याचं टोक वितळून गेलं होतं.   तेवढ्यात मशिदीतून बांग झाली, रोजा सोडायची, आणि लिफ्टमधून आवाज आला, जरा घाबरलेला:

"शहाताभाऊ, आम्ही अडकलो वाटतं."

उस्ताने मान वर केली. "शाहिनाझ, माझ्या हाताला पाणी लाव. आणि कपाट उघडा कुणीतरी. मला अजून त्यांना बाहेर काढायचंय."

इन्शिराह कपाटापाशी आली. अंधारात किल्ली कुलपाच्या भोवती फिरत राहिली, आत जाईना. मग तिने स्वैपाकघरातून लसूण कुटायचा पितळी बत्ता आणला आणि काचेवर घातला. कप गेले. हंसाची मान गेली. तिने मला त्या काचांतून उचललं तेव्हा तिच्या तळव्यातून रक्त येत होतं आणि ती मला म्हणाली, खरंच मलाच म्हणाली, "जा बाबा."

उस्ताचा हात चालत नव्हता. म्हणून मला शाहिनाझने धरलं. पाहुण्यांसाठी घातलेला नवा झगा, हातावर मेंदी, आणि मुठीत मी. उस्ता पायरीवर बसून सांगत होता. "आधी मेन खाली. पडला? परत बघ. आता टेस्टर लाव. त्याचा दिवा लागत नाही ना? शाबास. आता त्याला खाचेत नीट बसव, तिरका नको." जळालेला जोड सोडवला, नवा बसवला. मी आयुष्यात पहिल्यांदा एक स्क्रू आवळला, आणि तो मेलेल्या बोर्डावर. माझ्या आवरणाची गरजसुद्धा लागली नाही. लाज वाटावी की हसावं ते कळेना.

मेन वर केला, दिवे लागले, लिफ्ट वर आली. व्याही बाहेर आले तर मिशीला पाक लागलेला, व्याहीणबाईंच्या मांडीवर रिकामं ताट.

"माफ करा," व्याही म्हणाले, "बांग झाली आणि जवळ दुसरं काहीच नव्हतं. तुमच्यासाठी आणलेला पाकातला कुनाफा आम्ही दोघांनी अंधारात बोटांनी संपवला."

मग त्यांनी उस्ताचा हात पाहिला, फुटलेलं कपाट पाहिलं, मेंदीच्या हातातल्या मला पाहिलं. व्याहीणबाई ताट ठेवून खाली बसल्या आणि उस्ताचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. त्यांनी फक्त विचारलं, "बर्फ कुठे आहे?" झकीच्या आईने सरबतातला बर्फ आणून दिला. कपाटाबद्दल कुणी बोललं नाही. इन्शिराहला कुणी काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्याकडे बघून वाटत होतं.

उस्ताचा अंगठा पुढं पूर्ण वळला नाही. बारीक मूठ त्याच्या हातात राहत नसे. माझी जाड, तिकोनी मूठ राहत असे. असा मी कामाला लागलो. शुब्रातल्या गल्ल्या, रमजानच्या दिव्यांच्या माळा, पंपांच्या पेट्या, सगळं केलं. दोनदा जिवंत पट्टीला लागलो आणि उस्ताला काही कळलंही नाही. ते दोन दिवस सोडले तर मला सांगण्यासारखं मोठं काही नाही.

आता शेवटचं. आमच्या लाल आवरणाखाली पिवळा थर असतो. लाल झिजून पिवळं दिसलं की आमचं काम संपलं, आम्हाला टाकायचं. माझं पिवळं मानेपाशी दिसायला लागलं. उस्ताने पाहिलं, बोट फिरवलं आणि मला परत पिशवीत ठेवलं. "अजून चालेल," म्हणाला. मी आता तो टीव्हीवर पडणारा अतबावालाच झालो होतो, कधीही हात जाळेल असा. माणसाच्या प्रेमामुळे असं व्हावं, याची लाज कपाटापेक्षा जास्त होती.

शाहिनाझ माहेरी आली होती. पिशवीत टेप शोधताना तिने मला पाहिलं.

"बाबा, याचं पिवळं दिसतंय."

"त्याने माझा संसार सांभाळला गं."

"आता तुम्हाला मारेल."

"कपाटात तरी ठेवू या," इन्शिराह हळूच म्हणाली. उस्ताने तिच्याकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. खाली भंगारवाला गाढवगाडी घेऊन ओरडत चालला होता. शाहिनाझने मला खिडकीतून त्याच्या टोपलीत टाकलं. नेम चांगला होता तिचा.

मित्रांनो, हत्यार घेताना त्यावर काय छापलंय ते वाचू नका, नखाने आणि ओल्या अंगठ्याने विचारा. चांगलं मिळालं तर वापरा. रोज कामाआधी त्याच्याकडे एकदा बघा. मेन आधी बंद करा, हत्यार कितीही चांगलं असो. आणि आतलं पिवळं दिसलं की माया करू नका.

भंगारवाल्याने मला उसाच्या रसवाल्याला दिलं. तो माझ्याने बर्फ फोडतो. मी दिवसभर ओला असतो, अंगाला गोड चिकटा. कुणी विचारलं पूर्वी काय करायचास, तर मी अजूनही खाली बघतो. पण इथं माझ्यामुळे कुणाचा हात जाणार नाही, एवढ्यावर मला रात्री झोप लागते.