पावट्याच्या वेलावरचा शिकारी

“ई! काकू, ढेकूण!” स्वानंदी टुणकन मागे उडाली.

झालं! जमत आलेलं स्थळ मोडावं तसंच की हे. कानडी मुलखात, के. आर. पुरमच्या या घरातली गच्चीवरची खोली गंगव्वानं वर्षभर रिकामी ठेवली होती. भाडेकरू येत, ती प्रत्येकात काहीतरी खोट काढी. खरी खोट एकच, त्यांना मराठी येत नसे. ती माहेरची निपाणीची. लग्नानंतर सगळा जन्म कानडीत गेला. नवरा आप्पाजी अथणीचा, त्याचं मराठी मोडकंतोडकं, तेही पाहुण्यांपुरतं. आणि आता पुण्याची ही नोकरदार पोरगी खोली बघायला आली होती, तोंड भरून ‘काकू, काकू’ करत होती, तर नेमका हा मेला पावट्याच्या वेलावर!

गंगव्वानं चप्पल उचलली.

“मारू नको गं! स्वल्प थांब!” आप्पाजी मध्ये पडला. “ढेकूण नव्हे तो. ढेकणाला पंख कुठं असतात? आमच्याकडं तुरीत, कापसात हा असतोयच. अळ्या खातो. बघा, बघा तरी!”

लालभडक अंगाचा, काळ्या पायांचा तो किडा शेंगेवर दबा धरून बसला होता. एक हिरवी अळी वळवळत जवळ आली. त्यानं पुढच्या पायांनी तिला धरलं, डोक्याखाली दुमडलेली वाकडी सोंड काढली आणि खुपसली. अळी तडफडली, मग लोंबू लागली. हा आपला निवांत रस ओढत राहिला.

“बाप रे!” स्वानंदी आता वाकून बघत होती. “माणसाला चावतो का हो, काका?”

“छे छे! लई गरीब आहे,” आप्पाजीनं ठोकून दिलं.

गप्प बसलं की खोली भाड्यानं जात होती. पण परवाच शेंगा तोडताना हा गंगव्वाला असा डसला होता की बोट टम्म सुजलं. लेकीसारख्या पोरीला फसवायचं?

“चावतो बाई,” ती म्हणाली. “हाताखाली दाबला तर विंचवासारखा. आपणहून अंगावर येत नाही, पण तुला खोटं नाही सांगणार मी.”

आप्पाजीनं कपाळावर हात मारला. गेली ही पोरगी, गंगव्वानं मनाशी धरलं.

“मग शेंगा नीट बघून तोडू,” स्वानंदी म्हणाली. “रविवारी सामान घेऊन येते. काकू, आणखी काय काय लावलंय तुम्ही?”

गंगव्वाला काय सांगू नि काय नको असं झालं. “ही मेथी. हा पुदिना, वास बघ कसा आहे. आणि खालून वर आलंय ना कठड्यापाशी, ते आमचं...” ती अडली. जिभेवर कानडी नुग्गे, नुग्गेच येत होतं. माहेरी परड्यात हेच झाड होतं, आई त्याच्या शेंगांची आमटी करायची, आणि नाव म्हणून आठवेना! तिचे डोळे भरून आले.

स्वानंदीनं पानांकडे पाहिलं. “शेवगा?”

“शेवगा!” गंगव्वा म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून पुन्हा एकदा, हळूच, “शेवगा.”