लेडी फिलिपासाठी विझवलेला बॉयलर

मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी समजूत काढायला कुणी येणार नाही.

आमचं ब्रासविक हे गाव कॉम्प्युटरमध्ये आहे. वीज कुणाला सापडलीच नाही आणि सगळं जग वाफेवरच पुढे गेलं, असं धरून आम्ही काही लोकांनी ते वसवलं. पितळी नळ्या, दातेरी चाकं, धूर ओकणारी धुराडी आणि वर तरंगणारी हवाई जहाजं. याला स्टीमपंक म्हणतात. माझा मुलगा बाहुल्यांचा खेळ म्हणतो. म्हणू दे. मी मोठ्या सरोवराकाठच्या डलुथला राहते. लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत माझी हयात गेली, आणि आता गुडघे असे झालेत की पोर्चच्या पायऱ्या उतरायच्या म्हणजे संकट. ब्रासविकमध्ये मात्र मी कॅप्टन हॉथॉर्न आहे आणि माझं स्वतःचं जहाज आहे.

गावाचे नियम लेडी फिलिपानं आणि मी मिळून केले. गावात अदबीनंच बोलायचं. वेशीबाहेर, म्हणजे खऱ्या जगात, कोण कोण आहे, कुठे राहतं, ते विचारायचं नाही. आणि मयताच्या वेळी कुणी बोलायला उभं राहिलं, तर जग बुडालं तरी मध्ये तोंड घालायचं नाही. फिलिपा माझी शेजारीण. हवाई जहाजांचं बंदर आम्ही दोघींनी मिळून बांधलं, एकेक खांब भांडून ठरवला. तरीही तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ती कुठेतरी समुद्राकाठी राहते. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही नियमाच्या पक्क्या.

गेल्या हिवाळ्यात तिच्याच नावानं गावाला निरोप आला. 'मी त्यांची मुलगी. आई गेली. कृपा करून कुणी संपर्क करू नये.' दुसऱ्या दिवशी तिचं खातं बंद. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं.

आमच्याकडे माणूस गेलं की एक दिवस सगळ्या गावाचे बॉयलर विझवतात. सगळ्यात जवळचं जे असेल, त्यानं आपला बॉयलर वर्षभर थंड ठेवायचा. वर्ष सरलं की तो स्वतःच्या हातानं पेटवायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी विस्तव आणून द्यायचा. बॉयलर थंड म्हणजे जहाज जमिनीवर. मी माझा विझवला. मग बंदरावर उभी राहून बोलले. सख्ख्या बहिणीच्या मयताला मला जे बोलता आलं नव्हतं, ते सगळं बोलले. इकडे डलुथच्या स्वयंपाकघरात माझ्या चष्म्यावर पाणी साचलं होतं, अक्षरं दिसत नव्हती.

त्या गर्दीत मागे एक नवा माणूस उभा होता. नवख्यांना फुकट मिळते ती ढगळ टोपी त्याच्या डोक्यावर होती. शेवटी त्यानं फूल ठेवलं आणि मला म्हणाला, "आपल्या दुःखात मी सहभागी आहे, कॅप्टन." मिस्टर क्विल त्याचं नाव. नवखा असून किती रीतीचा माणूस, असं मला वाटलं होतं. आता आठवलं की टाळकं सणकतं.

क्विलनं मागच्या गल्लीत दुकान थाटलं. वाफेचा दाब दाखवणारी गेज बनवायचा. वसंतात हवाई जहाजांची शर्यत झाली, ती मी जन्मात पहिल्यांदा धक्क्यावर उभी राहून पाहिली. तो शेजारीच होता. "आज वारं छान आहे, कॅप्टन," म्हणाला.

उन्हाळ्यात एकदा सहज त्याच्या दुकानात शिरले. भिंतीवर गेज मांडलेली. सगळ्यांचे काटे शून्याच्या केसभर वर. आमच्या दुनियेत कुणी असं करत नाही, काटा बरोबर शून्यावर बसवणं सोपं असतं. पण आमच्या बोटीवरच्या जुन्या बॉयलरचा काटा आग विझल्यावरही पुरता खाली यायचा नाही. बोट कुठली ते न सांगता ही गोष्ट मी एकाच बाईला, फिलिपाला, सांगितली होती, आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक गेजचा काटा तसाच असायचा.

"मिस्टर क्विल," मी लिहिलं, "हा काटा शून्यावर का नाही?"

"नजरचूक झाली असेल, कॅप्टन. आत्ता सरळ करतो."

"हात लावू नका. हे आपल्याला कुणी शिकवलं, तेवढं सांगा."

पडद्यावरचं क्विलचं बाहुलं नुसतं डोलत राहिलं. पलीकडच्या माणसाचे हात की-बोर्डवरून उचलले गेले, की असं होतं.

"आपला टेलिफोन नंबर द्यावा," मी लिहिलं. गाव वसल्यापासून कुणी कुणाला हे विचारलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी चौकातली घंटा वाजवून गाव गोळा करते."

नंबर आला. मी लावला. एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

"मेलीस ना गं तू?" मी म्हटलं. "मग फोन कशी उचलतेस?"

"कॅप्टन?"

"कॅप्टन गेली खड्ड्यात. व्हर्ना नाव माझं."

"मी म्युरिएल," ती म्हणाली. "केप ब्रेटन बेटावर असते."

मग तिनं सांगितलं. न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, इस्पितळात होती. हॅलिफॅक्सहून मुलगी आली. घर आवरताना तिला कॉम्प्युटर दिसला, आणि आईला कुणी भामटे नादी लावताहेत असं तिनं ठरवून टाकलं.

"पोरीनं एका ओळीत मला मारलं आणि खातं बंद केलं. ते नाव पुन्हा मिळत नाही, तुला माहितीये."

"मग नवं नाव घेऊन आलीस, तेव्हाच सांगायचं होतंस."

"सांगायलाच आले होते गं. घरी आल्या आल्या, घाईत पुढ्यात आलं ते पुरुषाचं बाहुलं घेऊन लॉग-इन केलं. बघते तर गावात एकाही धुराड्यातून धूर नाही. म्हटलं, बाई, कोण गेलं? वेशीवरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो टोपी काढून म्हणतो, लेडी फिलिपा गेल्या हो, साहेब."

मला हसू फुटणार होतं. त्यामुळे आणखीच संताप आला.

"तशीच बंदरावर धावले," म्युरिएल सांगत होती. "तर तू बोलायला उभी. मध्ये बोलायचं नाही, हा नियम कुणी केला?"

"आपणच."

"मग थांबले. म्हटलं, हिचं संपलं की सांगते. पण तू बोलतच गेलीस. माझ्याबद्दल असं कधी कुणी बोललं नाही, व्हर्ना. नवरा नाही, पोरगी नाही. मी ऐकतच बसले. मग सगळे रडायला लागले. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी मला कर्नल बॅरो आठवला."

कर्नल बॅरोही एकदा असाच मेला होता. गावानं बॉयलर विझवले, आणि महिन्याभरानं स्वारी हजर. पुतण्यानं चेष्टा केली म्हणाला. आमचा कुणाचा विश्वास बसला नाही. त्याचं घर उतरवलं, त्याला गावाबाहेर काढलं आणि वेशीचा दरवाजा मी स्वतः लावला. फिलिपा माझ्या बाजूला उभी होती.

"आणि माझ्या शेजारी उभी राहून वाऱ्याच्या गप्पा मारत होतीस," मी म्हटलं. "माझं जहाज धूळ खात पडलंय, मी तुझं सुतक पाळतेय, आणि तू मला वारं दाखवतेस. लाज नाही वाटली?"

"रोज वाटते."

मग इंजिनखोलीत शिकलेला एकेक शब्द मी बाहेर काढला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुझा आवाज मला वेगळा वाटला होता," शेवटी म्हणाली.

"कसा?"

"गोड."

"उद्या चौकात गावची सभा आहे, तिथे सगळ्यांना सांगणार आहे," मी म्हटलं आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी चौकात अख्खं गाव जमलं होतं. माझी वाक्यं तयार होती, चांगली धार लावलेली. पण माझ्याआधी मिस्टर क्विल चौथऱ्यावर चढले. तीच ढगळ टोपी.

"सभ्य स्त्री-पुरुषहो," त्यांनी सुरुवात केली. "लेडी फिलिपा यांच्याविषयी मला काही सांगायचं आहे."

गेलेल्या माणसाचं नाव निघालं म्हणून सगळ्यांनी टोप्या काढल्या.

"लेडी फिलिपा या खरं म्हणजे," एवढं आलं आणि थांबलं. बाहुलं डोलायला लागलं. केप ब्रेटनमध्ये एक बाई हात मांडीवर ठेवून बसलीय, हे मला इथून दिसत होतं. पुढची ओळ आली की संध्याकाळच्या आत तिचं दुकान उतरलं असतं, आणि दरवाजा लावायला मलाच बोलावलं असतं. पुतण्या, पोरगी, असल्या गोष्टी आमच्या गावानं एकदा ऐकल्या होत्या. दुसऱ्यांदा कुणी ऐकणार नव्हतं. आणि ती एकदा बाहेर गेली, की मी चिडायचं कुणावर? रिकाम्या दुकानावर? तिला एकदा पुरून मी पाहिलं होतं. पुन्हा ते माझ्यानं होणार नव्हतं, आणि म्हणून मला तिचा भयंकर राग आला.

"पुरे, मिस्टर क्विल," मी लिहिलं.

सगळा चौक माझ्याकडे वळला. महापौर तर हबकलेच. "कॅप्टन, मयताविषयी कुणी बोलत असताना आपण मध्येच?"

"हो, मध्येच. नियम मी केला होता, मीच मोडला. लेडी फिलिपा गेल्या. त्यांच्याबद्दल बोलायचं ते मी बोलून चुकले आहे, आणि त्यांच्या लायकीपेक्षा पुष्कळ जास्त बोलले आहे. मिस्टर क्विल, आपल्या भट्टीत विस्तव आहे का?"

बाहुलं डोलत राहिलं. मला वाटलं, ही आता उठून गेली की काय.

"आहे, कॅप्टन."

"मग घेऊन या. माझा बॉयलर पेटवायचा आहे."

"पण वर्ष अजून सरलेलं नाही," महापौर म्हणाले.

"माझ्याकडे कॅलेंडर आहे, महापौरसाहेब."

मिस्टर क्विल पितळी पळ्यात निखारे घेऊन रस्त्यानं आले. दोन्ही बाजूंना लोक टोप्या हातात धरून उभे होते. कुणीतरी म्हणालं, किती भला माणूस, ओळख ना देख आणि विस्तव आणतोय. मी दात-ओठ खाल्ले. निखारे आत पडले, नळ्या कुरकुरल्या, केसभर वर अडकलेला काटा हलला आणि चढायला लागला. धुराड्यातून धूर निघाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फक्त मला दिसेल असा एक निरोप आला. 'माफ केलंस?'

'नाही,' मी लिहिलं. 'फोन उचल.'

पहिल्याच घंटीला तिनं उचलला. आदल्या दिवशी मी जिथे थांबले होते, तिथून पुढे सुरू केलं.