पहिली बट

“हात दाखवा बघू,” नाझारिया म्हणाली.

तिओदोसियोंनी हात अंगावर पांघरलेल्या पोंचोच्या आत आणखी खोल सारले. “हातांचं काय मध्येच? नाही म्हणालो ना? तुझ्या वाय्ताची बट कापायला दुसरा पाद्रिनो शोध.”

ऐकेल तर ती नाझारिया कसली! तिने उकडलेल्या बटाट्यांची टोपली आणि मक्याच्या दारूचा घडा टेबलावर ठेवला, थेट जन्मनोंदीच्या वहीवर. असं काही घेऊन दारी आलेल्याला नकार देणं आमच्या डोंगरात फार वाईट दिसतं. तरी तिओदोसियो मान हलवत राहिले.

एकतीस वर्षं ते आमच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करताहेत. लग्न केलं नाही. कचेरीत चांगली कात्री होती आणि माणूस भला होता, म्हणून गावातल्या चाळीसएक पोरांची पहिली बट त्यांनीच कापली, प्रत्येकाला एकेक कोकरू दिलं. पहिली बट कापणारा तो जन्माचा पाद्रिनो, बापाच्या खालोखाल. त्यांचा संसार म्हणाल तर एवढाच, आणि त्यातली पहिली पोर ही नाझारिया. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्यांचे हात थरथरू लागले होते. ते त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

“पोरीच्या कानाला लागलं तर?” शेवटी ते पुटपुटले.

नाझारियाने टोपी काढून केस मागे सारले. डाव्या कानाच्या पाळीवर जुनी खाच होती. “ही कुणाची कृपा? तेव्हा तर हात दगडासारखा स्थिर होता तुमचा! आता निदान जपून तरी कापाल.”

म्हातारा हसला, आणि तिथेच फसला.

रविवारी अंगणात सगळं गाव जमलं. तीन वर्षांची वाय्ता घोंगडीवर बसली होती, डोक्यावर डझनभर वेण्या, प्रत्येकीला रंगीत फीत. तिओदोसियोंनी कात्री उचलली आणि हात असा थरथरला की पाती आपोआप वाजू लागली. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

नाझारिया उठली, लेकीजवळ गुडघे टेकून बसली आणि तिचा कान आपल्या तळव्याने झाकून धरला.

कात्री चालली. फितीसकट वेणी ताटलीत पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाय्ता खुदकन हसली, तिओदोसियोंनी डोळे पुसले.

नाझारियाच्या बोटातून रक्त येत होतं. तिने बोट हळूच शालीत गुंडाळलं आणि तळवा पुन्हा कानावर ठेवला.

“पुढची घ्या, पाद्रिनो.”