पिनेखाली अडकलेला मणी

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर माझ्यासारखे दहा-बारा जण सहज मावतील, आणि त्यातला एखादा घरंगळून गेला तर तुम्ही शोधायलाही वाकणार नाही. मी एक जुना काचेचा मणी आहे. मला भोक नाही, त्यामुळे मी कुठल्या माळेत ओवला गेलो नाही. माझे आयुष्य एका भल्यामोठ्या टायरच्या पोटात गेले.

माझा जन्म भट्टीत झाला. काचेचा चुरा ज्वाळेतून उडवला की प्रत्येक कण क्षणभर वितळतो आणि पृष्ठताणामुळे आपोआप गोल होतो. त्याला कुणी घडवावे लागत नाही. मग आमची दीड किलोची पिशवी भरली गेली आणि ती एका दगडखाणीच्या वर्कशॉपमध्ये पोचली.

तिथे टायरचे सगळे काम मिस्त्री पाहत. खाणीतल्या पाण्याच्या टँकरची पुढची चाके त्यांच्या छातीपर्यंत येत. एवढा मोठा टायर सगळीकडून सारख्या वजनाचा कधीच नसतो. कुठेतरी एक बाजू मूठभर जड राहते, आणि चाक वेगाने फिरू लागले की तीच बाजू त्याला हिसके देते. त्यासाठी आम्हाला टायरमध्ये मोकळे सोडले होते. वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर गेला की आम्ही आतल्या भिंतीला चिकटून फिरत असू, आणि त्या हिसक्यांमुळेच सरकत सरकत जड बाजूच्या बरोबर समोर जाऊन थांबत असू. मग चाक शांत होई. वेग उतरला की आम्ही पुन्हा तळाशी, वाळूसारखे सरसर लोळत.

तो टँकर मिस्त्रींची धाकटी बहीण चालवी. खाणीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून दिवसभर पाणी मारायचे, हे तिचे काम. रिकामा टँकर तळ्याकडे नेताना ती चाळिशीला पोचे. तेवढाच आमचा कामाचा वेळ. भरलेला टँकर मात्र ती इतका हळू चालवी की लोक तिला गोगलगाय म्हणत. ती दिसली की चहाला वेळ आहे, असे म्हणून खरोखर चहा मागवत. ती खिडकीतून डोके काढून सांगे, की मी तुमच्या रस्त्याला आंघोळ घालते आहे, पळत पळत आंघोळ कोण घालतं?

उताराच्या वळणावर शिट्टीकाका उभे असत. समोरून गाडी येत असेल तर लाल झेंडी, नसेल तर हिरवी. तिच्यासाठी मात्र झेंडीबरोबर दोन शिट्ट्या. बाकी कुणासाठी नाही. ती हॉर्नवर दोनदा बोट टेकवी. टायरच्या आत उजेड येत नाही, पण आवाज येतो. त्या दोन शिट्ट्या मी हजारो वेळा ऐकल्या.

आता मी जे सांगणार आहे, ते नीट ऐका.

आम्ही ज्या टायरमध्ये असतो, तिथे व्हॉल्व्हला, म्हणजे हवा भरायच्या नळीला, जाळीची पिन लागते. पिन दाबली की हवेची वाट उघडते, सोडली की मिटते. जाळी नसेल तर एखादा मणी हवेबरोबर पिनेत शिरू शकतो. शिवाय मिस्त्रींचा एक नेम होता. आधी फुंकर, मग मीटर. म्हणजे हवा मोजण्याआधी कंप्रेसरने हवेचा एक झोत आत सोडायचा. व्हॉल्व्हच्या नळीत कुणी मणी बसला असेल तर तो आत उडून जातो.

त्या आठवड्यात जाळीच्या पिना संपल्या होत्या. नव्या येईपर्यंत मिस्त्रींनी साधी पिन बसवली. फुंकर मारतोच आहोत आपण, असे ते मनाशी म्हणाले असतील. त्या सकाळी टँकर भरून दाराशी उभा होता, इंजिन चालू होते, आणि कंप्रेसर वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला होता. मिस्त्री मीटर घेऊन खाली बसले. बहिणीने वरून विचारले, “दादा, आत घेऊ का, कंप्रेसरपाशी?”

“राहू दे,” मिस्त्री म्हणाले. “नुसती हवा तर बघायचीय.”

चाक थांबताना मी नेमका नळीत पडलो होतो. मीटरने पिन दाबली, हवा बाहेर धावली आणि मला घेऊन गेली. पिन परत मिटली, पण पुरती नाही. तिच्या रबराखाली मी होतो. माझ्या अंगाला चाटून हवा जाऊ लागली. इंजिनाच्या आवाजात ती सूं कुणाला ऐकू आली नाही. मिस्त्रींनी टोपण लावले. त्याचे रबर झिजलेले होते. त्यांनी टायरवर हात थोपटला आणि उठले.

तीन तास हवा जात राहिली. टायर मऊ होत गेला, तापत गेला. दुपारी भरलेला टँकर उताराला लागला. मला दोन शिट्ट्या ऐकू आल्या. त्यानंतर टायर रिमवरून निसटला, टँकर एका अंगाला ओढला जाऊन उलटला, आणि त्या अंगाला काका उभे होते.

मित्रांनो, टायर निसटला त्याच्या आधी माझे भाऊबंद तळाशी लोळत होते. सरसर आवाज मी पिनेखालून ऐकत होतो. याचा अर्थ वेग पंचविसाच्या खाली होता. हे जगात फक्त मला माहीत होते, आणि मला तोंड नाही.

शिट्टीकाका गेले. बहिणीच्या डोक्याला मार लागला. दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली, तेव्हा त्या दिवसाची सकाळच तिच्या आठवणीतून पुसली गेली होती. चौकशी झाली. टायर टरकावल्यासारखा फाटलेला होता. टँकर उलटला म्हणून टायर फाटला, असे खाणीच्या साहेबांनी ठरवले. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल झाली, आणि कागदावर उतरले, ‘चालकाचा अतिवेग.’ जिला गोगलगाय म्हणून चिडवले, तिच्याविषयी हे लिहिले गेले आणि कुणी हसलेही नाही.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मोडलेल्या चाकाची पिन सोडवली. रबराला चिकटलेला मी त्यांच्या तळहातावर पडलो. मग त्यांनी डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली शोधली, मला तिच्यात टाकले आणि बाटली खिशात ठेवली. ते कुणाला काही बोलले नाहीत.

तेव्हापासून मी त्यांच्या छातीपाशी राहू लागलो. ते वाकले की मी बाटलीत टिक असा वाजत असे, आणि त्यांचा हात थांबे. हळूहळू त्यांना सगळीकडे तोच आवाज ऐकू येऊ लागला. ज्या टायरमध्ये मणी नव्हतेच, त्यालाही ते कान लावून बसत. माझे भाऊबंद त्या वळणावर सांडले होते. भर दुपारी रस्त्याचा तो तुकडा चमकतो, आणि ऊन सरकेल तशी चमकही सरकते. काकांच्या जागी आलेला नवा माणूस म्हणे, की कुणीतरी बघत असल्यासारखं वाटतं. त्याने उभे राहण्याची जागा बदलून घेतली. मिस्त्री मात्र रोज डबा खायच्या सुट्टीत तिथवर चालत जात आणि न जेवता परत येत.

घरी त्याहून कठीण होते. कुकरची शिट्टी झाली की बहिणीचे अंग ताठ होई. दोन झाल्या की ती दाराकडे जाई आणि तिथेच उभी राही. आईने कुकर माळ्यावर टाकला आणि उघड्या पातेल्यात शिजवायला लागली. तिने काही विचारले नाही. फक्त एकदा भांडी घासताना मिस्त्रींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की ही पोरगी जिना उतरतानासुद्धा घाई करत नाही. बहीण भिंतीकडे तोंड करून पुटपुटे. मी खिशातून ऐकत असे. ती काकांशी बोलत असे. काका, मला आठवत नाही हो. काका, मी झोपले होते का? मिस्त्री शेजारी बसून जेवत. ती त्यांनाही विचारी, दादा, मी वेगात होते का रे. ते म्हणत, जाऊ दे आता.

एके दिवशी सकाळी साहेबांकडून जबाबाचा कागद आला. ‘अपघात माझ्या वेगामुळे झाला, हे मला मान्य आहे.’ खाली सहीची जागा. सही केली की तिला पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावता येणार नव्हता. ती पेन शोधू लागली.

“आठवत नाही तर सही कसली करतेस?” आई म्हणाली.

“कुणीतरी चुकलंच ना, आई. मग मीच असणार.”

मिस्त्रींनी खिशातून बाटली काढली आणि सहीच्या जागेवर ठेवली. मग त्यांनी सगळे सांगितले. साधी पिन, न मारलेली फुंकर, मोडक्या चाकात सापडलेला मी. ते थांबले. मला वाटले, संपले. पण ते पुढे म्हणाले, “तू विचारलं होतंस, आत घेऊ का म्हणून. मी राहू दे म्हणालो.”

बहिणीने बाटली उचलून उजेडात धरली. तिच्या डोळ्याला मी किती मोठा दिसलो, कोण जाणे.

“तुला कधी सापडला हा?”

“तिसऱ्या दिवशी.”

“आज चार महिने झाले,” ती म्हणाली. “रोज मी काकांची माफी मागतेय.” बाटली तिने कागदावर परत ठेवली. “तू ऐकत होतास.”

आईने बाटली बाजूला केली, कागद उलटा करून मिस्त्रींपुढे सरकवला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवला. त्यांनी तिथेच बसून सगळे लिहिले, खाली आपली सही केली, आणि मला घेऊन ऑफिसात गेले.

आता मी एका लिफाफ्यात असतो. लिफाफा फायलीत, फाइल लोखंडी कपाटात. इथे काही फिरत नाही, तरी कधीकधी मला वेग जाणवतो आणि मी जड बाजू शोधू लागतो. मिस्त्रींची नोकरी गेली. ‘अतिवेग’ या शब्दावर काट पडली. मी चूक केली का? मी तर हवेने ढकलले तिकडे गेलो. हे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे, पण त्याने त्या दोन शिट्ट्या बंद होत नाहीत.

मध्यंतरी बहीण दुरुस्त केलेल्या कागदाची प्रत न्यायला आली होती. कारकुनाने सहज विचारले, भाऊ काय म्हणतो?

“घरीच असतो,” ती म्हणाली. मग कागदाची घडी घालत म्हणाली, “बोलतो आम्ही. थोडं थोडं.”

मित्रांनो, चूक तुमच्याही हातून होईल. झाली की त्याच दिवशी सांगा, मग ती कितीही भयंकर असो. तुम्ही गप्प बसता तेव्हा तुमची शिक्षा नाहीशी होत नाही. ती तुमच्याच घरातले कुणीतरी भोगत असते, आणि तुम्ही शेजारी बसून जेवत असता.